अकरा लाख सत्त्याण्णव हजार एकशे साठ

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त एका आकड्याचं आहे.

११,९७,१६०.

ही आमच्या वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या. म्हणजे २०११ च्या जनगणनेतली. या आकड्यावर आख्खा लेख लिहिण्यासारखं काय आहे असं तुम्हाला वाटेल. दिवाळीपर्यंत मलाही तेच वाटत होतं.

तर झालं असं. दिवाळीला आम्ही सगळे मानोऱ्याला घरी गेलो होतो. लेक यंदा आठवीत आहे. भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढायचं तिच्या डोक्यात नुकतंच घुसलंय, त्यामुळे दिसेल त्या आकड्याचं वर्गमूळ काढत सुटली होती. मोटारसायकलच्या नंबरप्लेट संपल्या, मग गॅसच्या पुस्तकावरचे नंबर संपले. शेवटी म्हणाली, "पप्पा, एक मोठा आकडा द्या ना." माझ्या हातात तेव्हा बाबांची जुनी वही होती. ट्रंकेत सापडलेली. शेवटच्या पानावर त्यांच्या त्या टपोऱ्या मास्तरी अक्षरात लाल शाईने लिहिलं होतं, "वाशीम जिल्हा, अंतिम, ११९७१६०". मी तोच आकडा सांगितला.

पाच मिनिटांनी ती आली. "येत नाही. १०९४ येतं आणि ३२४ बाकी उरते."

"मग नसेल पूर्ण वर्ग," असं म्हणून मी विषय संपवणार होतो. पण ३२४ वर नजर अडकली. ३२४ म्हणजे १८ चा वर्ग की! म्हणजे आमचा जिल्हा एक वर्ग नाही, पण दोन वर्गांची बेरीज आहे. १०९४ चा वर्ग अधिक १८ चा वर्ग. तुम्हीही करून बघा, ११,९६,८३६ अधिक ३२४.

आता मात्र चैन पडेना. कागद घेतला आणि अवयव पाडायला बसलो. शेवटी शून्य आहे, म्हणजे १० ने भाग गेला. उरले १,१९,७१६. त्याचे निम्मे ५९,८५८. त्याचे निम्मे २९,९२९. इथे पुन्हा थबकलो, कारण २९९२९ उलटं वाचलं तरी २९९२९ च. त्याला ३ ने भाग जाईना, ७ ने जाईना, ११, १३, १७... एकेक मूळ संख्या घेऊन बघत गेलो. आईने दोनदा हाक मारली. "काय करून रायला रे त्या वहीत सकाळपासून? जेवाले येतं का नाई?" मी आपला १५१, १५७, १६३, १६७. आता ही मूळ संख्याच आहे असं लिहून टाकणार होतो, तेवढ्यात १७३ ने भाग गेला. आणि भागाकार आला १७३!

म्हणजे ११,९७,१६० = ४० × १७३ × १७३.

नंतर सहज मोजलं. २, ३, ५, ७ अशा मूळ संख्या ओळीने मांडत गेलं तर १७३ चा नंबर कितवा लागतो? चाळिसावा. चाळिसाव्या मूळ संख्येचा वर्ग, आणि त्याची चाळीस पट. घास हातात तसाच राहिला.

ज्यांना अवयव-बिवयवांचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी हेच चित्रात सांगतो. ४० पट १७३ चा वर्ग म्हणजेच १० पट ३४६ चा वर्ग. जिल्ह्यातली सगळी माणसं दहा मैदानांवर उभी करायची. प्रत्येक मैदानावर ३४६ रांगा, प्रत्येक रांगेत ३४६ माणसं. एकही माणूस जास्त होत नाही, एकही जागा रिकामी राहत नाही. प्रजासत्ताक दिनाला मास्तर पोरांना उभं करतात तसा अख्खा जिल्हा दहा नेटक्या चौरसांत उभा.

दोन वर्गांची बेरीज तर आणखी दोन प्रकारे होते. १०३८ आणि ३४६ यांचे वर्ग, आणि ८८६ आणि ६४२ यांचे वर्ग. एकूण तीनच प्रकार, चौथा नाही. भाजक मोजले तर २४ भरतात, आणि खुद्द त्या संख्येला सोडून बाकीच्या २३ भाजकांची बेरीज येते १५,१२,११०, म्हणजे संख्येपेक्षा मोठी. ज्या संख्येच्या भाजकांची बेरीज बरोबर तिच्याइतकी येते तिला परिपूर्ण संख्या म्हणतात, ६ किंवा २८ सारखी. आमची त्याच्याही पुढे गेलेली. कागदावर तरी वाशीम जिल्ह्याचं उत्पन्न त्याच्या गरजेपेक्षा जास्त आहे!

असं काही सापडलं की मराठी माणसाला एकच नाव आठवतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवणारे कापरेकर मास्तर. ६१७४ ही त्यांची संख्या तुम्हाला माहीत असेलच. कोणतीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ ला येऊन थांबता. २०११ घेतलं तर १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. ही गोष्ट त्यांना १९४९ साली सापडली, आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर जगभर गेली. त्यांच्याजवळ संख्याशास्त्राची मोठी पदवी नव्हती, विद्यापीठातली खुर्ची नव्हती. होती ती पेन्सिल आणि चिकाटी.

कापरेकरांनी संख्यांना फार प्रेमाने नावं ठेवली. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती 'हर्षद', आनंद देणारी. आमच्या आकड्याच्या अंकांची बेरीज २५, आणि २५ ने काही भाग जात नाही. पण २००१ ची जिल्ह्याची लोकसंख्या १०,२०,२१६ होती. अंकांची बेरीज १२, आणि १२ ने भागलं की बरोबर ८५,०१८. म्हणजे २००१ साली आम्ही हर्षद होतो, २०११ साली राहिलो नाही!

त्यांची आणखी एक जात आहे, 'स्वयंभू' संख्या. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्माला येते. जी संख्या अशी कुठूनच जन्माला येत नाही ती स्वयंभू. ११,९७,१६० स्वयंभू नाही. ११,९७,१३४ मध्ये त्याच्या अंकांची बेरीज २६ मिळवा, आमचा आकडा येतो. आणि असा जन्मदाता एकच. म्हणजे या आकड्याला बाप आहे.

हे वाक्य लिहिलं आणि वहीकडे लक्ष गेलं. कारण या आकड्याला खरोखरच बाप होते. हजारो. त्यातले एक आमचे बाबा.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. २०११ साली त्यांना प्रगणक म्हणून नेमलं होतं. ९ ते २८ फेब्रुवारी असे वीस दिवस. शाळा सुटली की सायकल काढायची आणि दारोदार फिरायचं. वहीत त्यांच्या गटाचा नजरी नकाशा आहे. हनुमानाचं देऊळ, हापसा, पिंपळ, आणि तांड्याकडे जाणारा रस्ता. शेवटी बेरीज, ५८७. त्यावर काट मारून ५८८ केलंय, आणि समासात बारीक अक्षरात "२८ ची रात्र, मुलगी".

ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून ऐकली होती. जनगणनेचा क्षण ठरलेला असतो. २०११ साली तो होता १ मार्चला रात्रीचे बारा. त्याआधी जन्मलेलं मूल मोजायचं, नंतरचं नाही. म्हणून १ ते ५ मार्च प्रगणकाने पुन्हा एक फेरी मारायची असते. बाबांना कुणीतरी सांगितलं, तांड्यावर मुलगी झाली. केव्हा, तर कुणी म्हणे रात्री, कुणी म्हणे पहाटे. बाबा तीन किलोमीटर पायी गेले (सायकल पंक्चर होती) आणि सुईणीला विचारून आले. साडेदहा. म्हणजे मोजायची. ५८७ चे ५८८ झाले.

आता बघा. ती एक मुलगी राहून गेली असती तर जिल्ह्याचा आकडा झाला असता ११,९७,१५९. त्याचे अवयव ३ × ४१ × ९७३३. ना चौरस, ना रांगा, ना काही. एक जास्त धरली असती तर ११,९७,१६१, त्याला ७ ने भाग जातो आणि दहा मैदानं भरून एक माणूस बाहेर उभा राहतो. एका माणसाने संख्येचं सगळं कूळ बदलतं. लोकसंख्येच्या तक्त्यात एकाने काही बिघडत नाही असं आपण म्हणतो, पण अंकगणिताला ते मान्य नाही.

इथवर आलो की मोह होतो. वाटतं, यात काहीतरी संकेत असला पाहिजे. वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांची राजधानी, आणि त्याच भूमीची माणसं अशी चौरसात... नको. याच मोहातून गाडीच्या नंबराची बेरीज नऊ यावी म्हणून लोक पैसे मोजतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, एवढाच हा प्रकार. हिशोबच करा ना. ३४५ च्या वर्गाची दहा पट ११,९०,२५०, आणि ३४७ च्या वर्गाची दहा पट १२,०४,०९०. म्हणजे या टप्प्यात सुमारे सात हजारांत एक आकडा असा निघतो. २०११ साली देशात ६४० जिल्हे होते. चौरस नसता तर मी मूळ संख्येवर खूश झालो असतो, हर्षद असती तर त्यावर, उलटसुलट सारखी असती तर त्यावर. इतक्या जिल्ह्यांत आणि इतक्या गुणधर्मांत कुठेतरी काहीतरी जुळणारच. आमच्या वाट्याला हे आलं, इतकंच. चाळीस आणि चाळिसावी संख्या हे जरा जास्तच झालं, ते मान्य. पण योगायोग मोठा असला तरी तो योगायोगच.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आकडा सुंदर आहे म्हणून तो खरा आहे असं नाही. ३१ मार्च २०११ ला देशाचे तात्पुरते आकडे आले तेव्हा एकूण लोकसंख्या १,२१,०१,९३,४२२ होती. अंतिम आकडा आला १,२१,०८,५४,९७७. साडेसहा लाखांहून जास्त फरक. त्याहून पुढचं म्हणजे, मोजणीनंतर जनगणना विभाग स्वतःच नमुना तपासणी करतो, आणि २०११ च्या तपासणीत देशभरात हजारामागे साधारण २३ माणसं निव्वळ मोजायची राहिल्याचं निघालं. तेच प्रमाण आमच्याकडे धरलं, तर २७ हजारांवर माणसं त्या दहा मैदानांच्या बाहेरच.

ती कोण असतील याचा थोडा अंदाज बाबांच्या वहीत आहे. तांड्यावरच्या चार घरांपुढे एकच शब्द लिहिलाय, "कुलूप". फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. माणसं फडावर गेलेली. नियमाने ती जिथे असतील तिथे मोजली जायची, म्हणजे कुठेतरी उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत. मोजली गेली असतील का? बाबा म्हणायचे, "मोजली असतील बी. पण आपल्या खात्यात नाई."

आणि चौरसाच्या आत तरी सगळं सरळ आहे का? ६,२०,३०२ पुरुष आणि ५,७६,८५८ स्त्रिया. फरक ४३,४४४. रांगांच्या भाषेत सांगायचं तर ३४६ ची एक, अशा सव्वाशेवर रांगा बायांच्या कमी. २००१ साली हजार पुरुषांमागे ९३९ स्त्रिया होत्या, २०११ साली ९३०. लेकीच्या वर्गमूळात ही गोष्ट दिसत नाही. बेरीज केली की चौरस बनतो आणि फरक झाकला जातो. मला या आकड्याचा राग आला असेल तर तो इथे. तांड्यावरच्या त्या मुलीसाठी तीन किलोमीटर चालणारा माणूस माझा बाप होता याचा अभिमानही इथेच.

आता माझं म्हणणं.

१८८१ पासून आपल्याकडे दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली. १९४१ ला युद्धामुळे तक्ते अर्धवट राहिले, पण मोजणी झाली. २०२१ ला मात्र झालीच नाही. आधी करोना होता, ते समजू शकतो. पण नंतरही ती पुढे ढकलतच गेली. शेवटी १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा नवा क्षण ठरला. म्हणजे दोन मोजण्यांत सोळा वर्षं. तोवर सरकारी कागदावर आमचा जिल्हा ११,९७,१६० वरच उभा, दहा मैदानांवर सावधान स्थितीत.

यात बिघडतं काय? अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. ग्रामीण भागात ७५ टक्के आणि शहरात ५० टक्के लोकांपर्यंत धान्य, आणि माणसं किती ते २०११ च्या आकड्यावरून. आमच्या गल्लीतल्या एका काकूंची सून आणि दोन नातवंडं कितीतरी दिवस रेशनकार्डावर चढत नव्हती. उत्तर एकच, इष्टांक शिल्लक नाही. काकू मला विचारत होत्या, "बाबू, तू शिकलेला हायेस, हे इष्टांक म्हणजे काय असते रे?" मी काय सांगणार? की काकू, तुमची नातवंडं जन्मली, पण १ मार्च २०११ च्या रात्रीनंतर जन्मली. मैदानं तेव्हाच भरली होती.

एवढा आकड्यांचा नाद असलेला माणूस म्हणून मला हा फरक आता लख्ख दिसतो. संख्या म्हणून ११,९७,१६० कधीच जुनी होणार नाही. १७३ चा वर्ग हजार वर्षांनीही २९,९२९ च असेल. पण लोकसंख्या म्हणून ती फक्त एका रात्रीपुरती खरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी जन्मलं, कुणीतरी गेलं, आणि चौरस मोडला. संख्येचं अमरत्व आपण माणसांच्या मोजणीला चिकटवतो, तिथे चूक होते. मोजणी भाकरीसारखी असते, वेळच्या वेळी ताजीच व्हायला हवी.

काही जण म्हणतील, आता उपग्रह आहेत, आधार आहे, मोबाईल आहेत, अंदाज काढता येतो. येतो की. पण अंदाज हजारात असतो. अंदाज कधी साडेदहा वाजताच्या मुलीसाठी तीन किलोमीटर चालत जात नाही. म्हणून माझी विनंती साधी आहे. २०२७ च्या फेब्रुवारीत दारात प्रगणक येईल. हातात वहीऐवजी मोबाईल असेल. त्याला "नंतर या" म्हणू नका. पाणी द्या, बसायला द्या. घरातल्या प्रत्येकाचं नाव सांगा, गेल्या आठवड्यात जन्मलेल्याचंही आणि कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हातारीचंही. आणि शेजारी कुलूप असेल तर ती माणसं कुठे गेलीत ते तुम्हाला माहीत असतं, तेवढं सांगा.

असो. फार लांबलं.

दिवाळीच्या त्या दिवशी जेवताना मी हे सगळं लेकीला सांगितलं. मैदानं, रांगा, सगळं. ती खूश झाली. मग विचार करून म्हणाली, "म्हणजे यात आजोबा आहेत?"

"आहेत."

"आणि आजी, तुम्ही?"

"मी पुण्याच्या आकड्यात. आजी आहे."

"आणि मी?"

ती २०१३ ची. मी म्हटलं, "तू नाहीस."

"आणि आता आजोबा नाहीत," ती म्हणाली. बाबा २०१९ ला गेले. "मग त्यांच्या जागेवर मी उभी राहिले तर? बेरीज तीच राहील ना?"

आईने ताटातली भाकरी मोडता मोडता तिच्याकडे पाहिलं. कुणीच काही बोललं नाही. गणिताने बघितलं तर तिचं बरोबर होतं. एक गेला, एक आली, ११,९७,१६० कायम.

पण मी तिला म्हटलं, "नाही बाळा. तुझी जागा वेगळी मोजायला लागेल."

तुमच्या जिल्ह्याचा २०११ चा आकडा काढा, अवयव पाडून बघा, आणि काय निघतं ते मला नक्की कळवा. मूळ संख्या निघाली तर पुढच्या भेटीत चहा माझ्याकडून.